बोगद्याची दोन तोंडे

शहरातील रस्ते-बोगद्यांच्या नियोजनाविषयी प्रश्न पाठवावेत, या गेल्या अंकातील आवाहनाला वाचकांनी भरभरून प्रतिसाद दिला. बऱ्याच पत्रांतील प्रश्न सारखे असल्याने ते एकत्र केले आहेत, आणि ज्यांची उत्तरे अनेकांच्या उपयोगी पडतील अशा प्रश्नांना अधिक जागा दिली आहे. वाहतूक नियोजनाच्या कामात अनेक वर्षे घालवल्यानंतर माझे जे मत बनले आहे ते मी लपवलेले नाही. मात्र हिशेब कोणता आणि मत कोणते, हे वाचकांना वेगळे ओळखता यावे, असा प्रयत्न केला आहे.

प्रश्न: आमच्या शहराच्या मध्यभागातील मुख्य रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. या रस्त्याखालून बोगदा काढण्याचा प्रस्ताव आहे आणि त्याने कोंडी कायमची सुटेल, असे सांगितले जाते. ते खरे मानावे का?

उत्तर: ‘कायमची’ हा शब्द वगळूनच विचार करावा. आधी पाहायचे ते हे की, त्या रस्त्यावर अडकलेली वाहने कोठून निघाली आहेत आणि कोठे चालली आहेत. बोगद्याचा उपयोग ज्यांना मध्यभागात काहीच काम नाही आणि जे केवळ तो ओलांडून पलीकडे चालले आहेत, त्यांनाच होतो. ज्यांची कचेरी, दुकान, शाळा किंवा रुग्णालय त्याच रस्त्यावर किंवा त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत आहे, त्यांना बोगद्यात शिरून काहीच साधत नाही. म्हणून प्रवासाच्या उगमाची आणि अंतिम ठिकाणाची पाहणी ही या साऱ्या नियोजनाची पहिली पायरी होय. मध्यभागाभोवती एक काल्पनिक रेषा आखून तिच्यावरील प्रत्येक रस्त्यावर वाहनांचे क्रमांक टिपले जातात आणि आत शिरलेले वाहन न थांबता किती वेळात दुसऱ्या बाजूने बाहेर पडले, हे ताडून पाहिले जाते. शहर जितके मोठे, तितका निव्वळ ओलांडून जाणाऱ्यांचा वाटा साधारणपणे कमी असतो. हा वाटा थोडा निघाला, तर बोगदा कितीही देखणा झाला तरी वरची गर्दी वरच राहील.

समजा, हा वाटा मोठा निघाला आणि बोगदा झाला. वरचा रस्ता पहिले काही महिने मोकळा वाटेल. पण मोकळा रस्ता रिकामा राहत नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच दाखवून दिले होते की, शहरातील द्रुतगती रस्त्यांवर गर्दीच्या वेळची वाहतूक रस्त्याच्या क्षमतेपर्यंत वाढत जाते. त्याचे कारण कोणाचा दुष्टपणा नाही. गर्दी टाळण्यासाठी जे लांबच्या रस्त्याने जात होते ते परत येतात, जे मुद्दाम लवकर किंवा उशिरा निघत होते ते सोयीच्या वेळी निघू लागतात, आणि बसने किंवा रेल्वेने जाणाऱ्यांपैकी काही जण आपली गाडी काढतात. त्यानंतर हळूहळू घरे आणि कामाची ठिकाणेही त्या सोयीकडे पाहून हलू लागतात. 2011 मध्ये जाइल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील महानगरांच्या आकडेवारीवरून असा निष्कर्ष काढला की, महामार्गांच्या मार्गिकांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांनी कापलेले एकूण अंतरही वाढते.

उलट्या बाजूचा एक अनुभवही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतील सिएटल शहरात जुना उन्नत मार्ग पाडून त्याऐवजी बोगदा करण्यात आला. रस्ते बोगद्याला जोडण्यासाठी 2019 च्या जानेवारीत उन्नत मार्ग बंद झाला आणि बोगदा फेब्रुवारीच्या आरंभी सुरू झाला. मधले सुमारे तीन आठवडे हजारो वाहनांना यांपैकी एकही मार्ग उपलब्ध नव्हता. शहर ठप्प होईल, अशी सर्वांची भीती होती. प्रत्यक्षात ती भीती तितकीशी खरी ठरली नाही, कारण लोकांनी निघण्याची वेळ बदलली, मार्ग बदलला, प्रवासाचे साधन बदलले किंवा प्रवासच टाळला. वाहतूक पाण्यासारखी असते, असे आपण सहज म्हणून जातो. पण पाण्याचे प्रमाण भांड्यावरून बदलत नाही, वाहतुकीचे मात्र बदलते.

यावरून बोगदा करूच नये, असा अर्थ कोणी काढू नये. नदी, टेकडी किंवा बंदर यांमुळे शहराचे दोन भाग खरोखरच तुटलेले असतील, तर बोगदा ही मोठी सोय आहे. त्याहून मोठा लाभ मला वरच्या रस्त्यात दिसतो. वाहने खाली गेल्यानंतर वरच्या मार्गिका तत्काळ कमी करून तेथे रुंद पदपथ, बससाठी राखीव मार्गिका आणि झाडे आणली, तर मोकळी झालेली जागा पुन्हा वाहनांनी भरत नाही. माद्रिदमध्ये मांझानारेस नदीकाठचा एम-30 हा रस्ता 2004 ते 2007 या काळात भूमिगत करण्यात आला आणि त्या जागी नदीकाठचे विस्तीर्ण उद्यान उभे राहिले. बॉस्टनमध्येही उन्नत मार्ग पाडून त्याच्या पट्ट्यावर हिरवळ आली. वरच्या रस्त्याचे काय करणार, हे ज्या प्रस्तावात लिहिलेले नाही, तो प्रस्ताव माझ्या दृष्टीने अर्धाच आहे.

प्रश्न: बोगद्याचे एक तोंड आमच्या वसाहतीजवळच्या चौकात दाखवले आहे. तोंड कोठे असावे हे कशावरून ठरते? ते थोडे पुढे सरकवता येत नाही का?

उत्तर: या महिन्यात आलेल्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटला. नकाशावर सगळ्यांची नजर बोगद्याच्या रेषेवर जाते, पण बोगद्याचे यशापयश त्याच्या दोन तोंडांशी ठरते.

जमिनीचा भाग आधी पाहू. बारा मीटर व्यासाच्या बोगद्यावर साधारण तेवढ्याच जाडीची जमीन शिल्लक असावी, असा एक ढोबळ आडाखा असतो; म्हणजे आतील रस्ता पृष्ठभागापासून सुमारे 20 मीटर खाली जातो. अवजड वाहनांना चढता यावे आणि इंजिनांचा धूर बेसुमार वाढू नये, म्हणून उतार सौम्य ठेवावा लागतो. युरोपीय संघाच्या 2004 च्या बोगदा-सुरक्षा निर्देशानुसार, भूगोलामुळे दुसरा इलाजच नसेल तेव्हा वगळता, नव्या बोगद्यात 5 टक्क्यांहून अधिक चढ चालत नाही. 5 टक्के उताराने 20 मीटर खाली जायला 400 मीटर लागतात. यातला पृष्ठभागाजवळचा बराच भाग उघड्या खंदकासारखा असतो, आणि तेवढ्या लांबीत रस्ता आडवा ओलांडता येत नाही. त्यामुळे तोंड ‘थोडे पुढे’ सरकवणे म्हणजे शे-दोनशे मीटर लांबीचा खंदक कोणाच्या तरी दुसऱ्याच्या दारापुढे नेणे असते. ते अशक्य नाही. पण त्यासाठी लागणारी मोकळी जागा शहरात विरळाच असते, आणि म्हणूनच आखणी करणारे उद्याने, मैदाने किंवा रुंद चौक यांच्याकडे वळतात.

आता वाहनांचा हिशेब पाहू. न थांबता चालणाऱ्या एका मार्गिकेतून तासाला साधारण 1,800 ते 2,000 मोटारी जाऊ शकतात. सिग्नलच्या चौकातही हिरवा दिवा असेपर्यंत वाहने जवळपास 1,800 च्याच गतीने सुटतात, पण हिरवा दिवा तासभर नसतो. तो एकूण वेळेच्या 45 टक्के मिळाला, तर त्या मार्गिकेतून तासाला 800 च्या आसपासच वाहने बाहेर पडतील. म्हणजे दोन मार्गिकांचा बोगदा तासाला 3,600 वाहने आणून सोडणार आणि समोरचा चौक त्यांपैकी 1,600 पुढे सोडणार. उरलेली 2,000 वाहने प्रत्येकी सात मीटर जागा धरून दोन रांगांत उभी राहिली, तर एका तासात सात किलोमीटरची रांग होते. शहरातले बहुतेक बोगदे एवढे लांबही नसतात. मिश्र वाहतुकीत दुचाकी आणि बसगाड्या यांचे रूपांतर मोटारींच्या प्रमाणात करून घ्यावे लागते आणि आकडे बदलतात. गणित मात्र तेच राहते. कोंडी सुटत नाही, ती एका चौकातून दुसऱ्या चौकात जाते, आणि या स्थलांतराची किंमत त्या दुसऱ्या चौकातले लोक मोजतात.

सिडनीतील रोझेल येथील भूमिगत मार्गांचे जाळे 2023 च्या नोव्हेंबरात खुले झाले, तेव्हा नेमके हेच घडले. बोगद्यांतून आलेल्या आणि वरच्या रस्त्यांवरच्या मार्गिका एका जुन्या पुलाच्या दिशेने एकवटत होत्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांतील स्थानिक रस्ते पहिल्याच आठवड्यात तुंबले. भूमिगत काम उत्तम होते. प्रश्न ते जेथे वर येते तेथला होता.

तोंडाकडे दुर्लक्ष होण्याची ही खोड जुनी आहे. लंडनमध्ये थेम्स नदीखालचा बोगदा मार्क ब्रुनेल यांनी 1825 मध्ये सुरू केला आणि तो 1843 मध्ये खुला झाला. नौकानयनाच्या नदीखालून गेलेला तो पहिला बोगदा, आणि तो घोडागाड्यांसाठी कल्पिलेला होता. पण पैसे संपल्यामुळे गाड्या खाली उतरतील असे उतरणीचे मार्ग कधी बांधलेच गेले नाहीत. अनेक वेळा नदी आत घुसली, माणसे गेली, अठरा वर्षे खपली. आणि शेवटी लोक जिना उतरून पायी त्यातून जात राहिले. पुढे 1869 मध्ये त्यातून रेल्वे गेली, म्हणून ते श्रम वाया गेले नाहीत.

आपल्या चौकाबाबत मी असे सुचवीन की, तोंड हलवण्याची मागणी करण्याआधी त्या चौकाच्या गर्दीच्या तासाचे प्रतिरूप-गणित, म्हणजे वाहने कशी येतील-जातील याचा संगणकावर मांडलेला हिशेब, मागावे. त्यात पादचाऱ्यांना रस्ता ओलांडायला किती सेकंद धरले आहेत, हे अवश्य पाहावे. चौकाची क्षमता कागदावर वाढवायची असली की सर्वप्रथम हेच सेकंद कापले जातात, असा माझा अनुभव आहे, आणि त्याचा त्रास म्हाताऱ्या माणसांना व शाळकरी मुलांना होतो.

प्रश्न: प्रस्तावित बोगदा आमच्या जुन्या इमारतीच्या खालून जातो. भिंतींना तडे जातील का?

उत्तर: ही काळजी रास्त आहे; मात्र तिची जागा थोडी बदलावी, असे मला वाटते. मऊ जमिनीत खोदणारे यंत्र पुढच्या तोंडावर माती आणि पाणी यांचा दाब तोलून धरते आणि मागोमाग काँक्रीटच्या कमानींचे कडे बसवत जाते. तरीही खोदलेल्या पोकळीच्या तुलनेत थोडी जास्त माती आत येते. चांगल्या कामात हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राखता येते. तेवढ्यानेही वर एक उथळ, पसरट खळगा तयार होतो. इमारत सर्व बाजूंनी सारखी खचली, तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा अधिक आणि दुसरा कमी खचला, की भिंती चिरतात. कठीण खडकात खचण्याचा धोका कमी असतो, पण सुरुंग वापरले तर कंपनांचा त्रास असतो. भूजल उपसल्यामुळे आजूबाजूची चिकणमाती आकसते आणि बोगद्यापासून दूरच्या इमारतीही खचू शकतात, हे फारसे कोणी सांगत नाही.

यंत्राने खोदलेल्या बोगद्यापेक्षा उघड्या खोदकामातच अधिक जपावे लागते. सिंगापूरमध्ये 2004 साली निकोल हायवेजवळ मेट्रोसाठी खणलेला खोल खंदक त्याच्या आधाराच्या तुळया कोसळल्याने ढासळला आणि चार जणांचा जीव गेला. 2009 मध्ये जर्मनीतील कोलोन शहराचे अभिलेखागार मेट्रोच्या खोदकामाशेजारी जमीनदोस्त झाले आणि शेजारच्या घरांतील दोघे मरण पावले. रस्त्याच्या बोगद्यात असे उघडे खोदकाम तोंडाजवळच्या उतरणीत असते. आपली इमारत त्या भागात असेल, तर अधिक दक्ष राहावे.

काम सुरू होण्याआधी आपल्या इमारतीची छायाचित्रांसह तपासणी करून घेणे आणि आजचे तडे, त्यांची रुंदी व तारीख नोंदवलेली प्रत स्वतःजवळ ठेवणे, हा सर्वांत उपयोगी उपाय आहे. ही नोंद नसेल, तर नंतर कोणता तडा कोणामुळे पडला याचा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि त्यात घरमालक एकटा पडतो. भिंतीवर बसवलेल्या मापनखुणांचे आकडे दर आठवड्याला रहिवाशांना दाखवावेत आणि किती मिलिमीटरला काम थांबेल हे आधीच लिहून द्यावे, अशीही मागणी करावी.

प्रश्न: इतक्या गाड्यांचा धूर आत कोंडणार नाही का? आणि आत आग लागली तर माणसे बाहेर कशी येणार?

उत्तर: न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांना जोडणारा हडसन नदीखालचा हॉलंड बोगदा 1927 मध्ये सुरू झाला, त्या आधी हाच प्रश्न अभियंत्यांपुढे होता. मोटारींतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाला किती सोसतो, हे ठरवण्यासाठी स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या, आणि एका प्रायोगिक खाणीत मोटारी चालवूनही पाहण्यात आल्या. त्यातून आतील रस्त्याच्या खालून ताजी हवा आणि छतावरून दूषित हवा नेण्याची पद्धत निघाली. 84 पंखे दर दीड मिनिटाला आतली सारी हवा बदलत. मुख्य अभियंता क्लिफर्ड हॉलंड हा बोगदा पुरा झालेला पाहू शकले नाहीत. 1924 मध्येच ते वारले.

आजच्या एकदिशा बोगद्यात बहुधा छताला टांगलेले जोरदार पंखे हवा वाहतुकीच्याच दिशेने ढकलतात. धावत्या गाड्याही हवा पुढे रेटतात, त्यामुळे वाहने चालती असताना काम हलके होते. वाहने खोळंबली की धूर वाढतो आणि गाड्यांचा रेटा नाहीसा होतो. म्हणजे तोंडाशी रांग लागली, तर तिचे दुष्परिणाम आतल्या हवेतही दिसतात. शिवाय आतली हवा कोठेतरी बाहेर सोडावी लागतेच. ती उंच धुराड्यातून सोडायची की तोंडातूनच, हा तोंडाजवळच्या रहिवाशांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे इंजिनाचा धूर घटेल, परंतु टायर, ब्रेक आणि रस्ता यांच्या घर्षणातून उठणारी बारीक धूळ राहील.

आगीबाबत मात्र तडजोडीला जागा नाही. 24 मार्च 1999 रोजी फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या, 11.6 किलोमीटर लांबीच्या माँ ब्लाँ बोगद्यात पीठ आणि मार्गारिन घेऊन चाललेल्या मालट्रकने पेट घेतला. एकाच नळीत दोन्ही दिशांची वाहतूक होती, दोन देशांचे दोन नियंत्रणकक्ष होते, आणि आग काही तासांत नव्हे तर दोन दिवसांहून अधिक काळाने विझली. 39 माणसे मेली. त्यांतील बरीच जण आपल्या गाडीतच किंवा तिच्या आसपास सापडली, कारण धूर किती झपाट्याने येतो याची त्यांना कल्पना नव्हती. बोगदा तीन वर्षांनी पुन्हा उघडला. 2001 च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधील गॉटहार्ड रस्ते-बोगद्यात दोन ट्रकची टक्कर होऊन आग लागली, तेव्हा 11 जण दगावले. पण त्या बोगद्याला समांतर स्वतंत्र सुरक्षा-भुयार होते आणि पुष्कळ लोक त्यातून निसटले.

या दुर्घटनांतून नियम कडक झाले. वर उल्लेखलेल्या युरोपीय निर्देशानुसार, पंधरा वर्षांनंतरच्या अंदाजात प्रत्येक मार्गिकेवर दिवसाला 10 हजारांहून अधिक वाहने दिसत असतील, तर दोन दिशांना दोन स्वतंत्र नळ्या हव्यात. आणि नव्या बोगद्यात आपत्कालीन दरवाजे एकमेकांपासून 500 मीटरपेक्षा दूर नसावेत. शहरी बोगद्यात गर्दी दाट असते, म्हणून मी हे अंतर बरेच कमी असावे, असाच आग्रह धरीन. धुराने डोळे चुरचुरत असताना, लहान मूल कडेवर घेऊन 250 मीटर चालणे म्हणजे काय, हे आपण स्वतः चालून पाहिले तर कळते. दुसरा आग्रह असा की, तोंडाबाहेरची रांग आत शिरू लागताच प्रवेश बंद करणारा सिग्नल असावा. आग लागलीच, तर धूर ज्या दिशेने ढकलला जाईल त्या दिशेला अडकलेली वाहने असता कामा नयेत. एकदिशा पंख्यांची सारी सुरक्षा या एका गृहीतकावर उभी आहे.

प्रश्न: अशा प्रकल्पांचा खर्च आणि मुदत नेहमी का वाढते?

उत्तर: कारण जमिनीच्या आत काय आहे, हे आपण काही छिद्रे पाडून अजमावलेले असते आणि दोन छिद्रांमधला भाग तर्काने भरलेला असतो. सिएटलच्या बोगद्यासाठी आणलेले सुमारे साडेसतरा मीटर व्यासाचे यंत्र 2013 च्या डिसेंबरात बंद पडले. वाटेत एक पोलादी नळ लागला होता. यंत्र थांबण्याचे खरे कारण तोच की आणखी काही, यावर पुढे न्यायालयात वाद झाला. यंत्राचे तोंड वर काढून दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र विहीर खणावी लागली आणि खोदकाम पुन्हा सुरू व्हायला दोन वर्षे गेली. बॉस्टनमध्ये उन्नत मार्गाऐवजी केलेल्या बोगद्याच्या प्रकल्पाचा अंदाज 1982 च्या किमतींनुसार 2.8 अब्ज डॉलर होता, तो अखेरीस 14.8 अब्जांच्या घरात गेला. यात भाववाढीचाही वाटा आहे, पण ती पुरे कारण नव्हे. 2006 मध्ये तेथेच छताचे काँक्रीटचे पत्रे निखळून एका प्रवासी स्त्रीचा मृत्यू झाला, कारण ते धरणारे बोल्ट चिकटवण्यासाठी वापरलेले रसायन सततच्या भाराखाली हळूहळू सैल होत गेले.

संशोधक बेंट फ्लिव्हबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 258 वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पूल आणि बोगदे यांचा खर्च अंदाजापेक्षा सरासरी 34 टक्के जास्त निघाला. त्यांचे म्हणणे असे की, इतक्या सातत्याने एकाच बाजूला होणारी चूक निव्वळ अपघाताने होत नाही. मंजुरी मिळावी म्हणून अंदाज मुद्दाम कमी ठेवले जातात. मला हे कटू वाटले, तरी अमान्य करता येत नाही.

खर्चात न दिसणारा एक भार शहरावर पडतो, तोही सांगतो. बारा मीटर व्यासाच्या, तीन किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून सुमारे 6 लाख 80 हजार घनमीटर माती-खडक निघतो. सुटा झाल्यावर तो फुगून साडेनऊ लाख घनमीटरांच्या आसपास जातो. एका ट्रकमध्ये 12 घनमीटर धरले, तर जवळपास 80 हजार खेपा होतात. दोन वर्षांत त्या उरकायच्या, तर रोज शंभराहून अधिक भरलेले ट्रक जाणार आणि तितकेच रिकामे येणार. हे सारे बहुधा एकाच तोंडातून होते, आणि तो रस्ता तर आधीच कोंडलेला असतो.

प्रश्न: बोगद्याला टोल असावा का? आणि दुचाकीस्वारांना त्यातून जाऊ देतात का?

उत्तर: टोल केवळ नव्या बोगद्याला लावला आणि जुना रस्ता फुकट ठेवला, तर वाहने जुन्याच रस्त्याला चिकटून राहतात. सिडनीच्या क्रॉस सिटी बोगद्यासाठी दिवसाला सुमारे 90 हजार वाहनांचा अंदाज होता. 2005 मध्ये तो सुरू झाल्यावर प्रत्यक्ष संख्या त्याच्या निम्म्याच्याही खाली राहिली आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. लोकांचा राग मात्र वरचे रस्ते अरुंद केल्यावर होता; आपल्याला टोलकडे ढकलण्यासाठीच ते केले, असे त्यांना वाटले. वर मी ज्या अरुंदीकरणाचा पुरस्कार केला, ते योग्य असूनही लोकांना आधी नीट न सांगता केले, तर असे होते. याउलट लंडनमध्ये 2025 च्या एप्रिलमध्ये सिल्व्हरटाउन बोगदा उघडताना शेजारच्या जुन्या ब्लॅकवॉल बोगद्यालाही शुल्क लावले गेले. लोकांना ते आवडले नाही, पण वाहतुकीच्या दृष्टीने ते सुसंगत आहे. गर्दीच्या तासाला जास्त आणि इतर वेळी कमी, असा टोल मला सर्वांत न्याय्य वाटतो, पण त्यातून मिळणारा पैसा बससेवेला गेला पाहिजे.

दुचाकींबाबत प्रत्येक बोगद्याचे नियम वेगळे आहेत. पॅरिसच्या ए-86 मार्गावरील दुमजली बोगद्यात तर केवळ दोन मीटरपर्यंत उंचीच्या हलक्या मोटारींनाच प्रवेश आहे. दुचाकींना बंदी असेल, तर वरच्या रस्त्यावर कोण उरणार याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. ज्या शहरात निम्मी वाहतूक दुचाकींची आहे, तेथे बंदीमुळे बोगद्याचा निम्मा हेतूच संपतो. बस आत जाऊ शकेल एवढी उंची ठेवावी, हे माझे ठाम मत आहे.

प्रश्न: या प्रस्तावावर सुनावणी आहे आणि मला बोलायला पाचच मिनिटे मिळतील. नेमके काय विचारू?

उत्तर: बोगदा हवा की नको, यात ती पाच मिनिटे घालवू नयेत. त्याच खर्चात बससाठी राखीव मार्गिका, सिग्नलचे सुसूत्रीकरण आणि गर्दीच्या वेळचे शुल्क यांचा एकत्रित पर्याय तपासला होता का, हे विचारावे, आणि तपासला असल्यास त्याची पाने मागावीत. अनेक अहवालांत ‘काहीच न करणे’ हा एकच पर्याय बोगद्याशेजारी मांडलेला असतो आणि त्याच्यापुढे कोणताही प्रकल्प उजवाच दिसतो. मग दोन्ही तोंडांजवळच्या चौकांचा, गर्दीच्या तासातील वाहनांच्या रांगा दाखवणारा नकाशा मागावा. त्या सभेत तो हाती आला नाही, तर मागणी लेखी देऊन पोच घ्यावी. आणि नकाशा बोगदा खुला होईल त्या वर्षाचा देऊ लागले, तर तो नम्रपणे परत करून पंधराव्या वर्षाचा मागावा.